डॅशबोर्डवरची चंद्रकळा

आमच्या भागात भेगेचं कुणाला नवल वाटत नाही. चितेगावची जमीन काळी. एप्रिल-मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की लहान पोराचा हात कोपरापर्यंत आत जावा. बायांच्या टाचांना भेगा, सारवलेल्या भिंतीला भेगा, वैशाखात उन्हात राहिलेल्या बैलगाडीच्या लाकडालाही भेगा. प्रत्येक भेगेचं औषध वेगळं. जमिनीच्या भेगेला कुणी हात लावत नाही. काळी माती वाळली की आकसते, पाणी प्याली की फुगते. मृगाचे चार पाऊस झाले की भेग आपोआप मिटते. टाचेच्या भेगेत मेण-तेल भरायचं, भिंतीची भेग शेणामातीनं लिंपायची, लाकडाला तेल पाजायचं. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं. पण १९९५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी अशी एक भेग निघाली की तिचं औषध कुणालाच ठाऊक नव्हतं. ती अण्णांच्या गाडीच्या डॅशबोर्डला पडली होती.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. आमच्याकडं मात्र तिला सगळे फियाटच म्हणायचे, कारण मूळ गाडी इटलीच्या फियाटची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली आणि पुढं तिला पद्मिनी हे नाव दिलं. मुंबईत ती काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. अण्णांनी ती १९९३ मध्ये शहरातल्या एका साहेबाकडून जुनी घेतली. मोसंबीचा एक बहर चांगला साधला होता, त्याचे सगळे पैसे गाडीत गेले. रंग बिस्किटी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय अंगात येत नसे.

चितेगाव पैठण रोडवर. तेव्हाच्या औरंगाबादपासून वीसेक किलोमीटर. रस्त्याच्या कडेनं कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, कामगारांच्या बसगाड्या सकाळ-संध्याकाळ धुरळा उडवायच्या. पण रात्री दहानंतर कुणाला शहरात जायचं म्हटलं तर ट्रकला हात करण्याशिवाय इलाज नव्हता. १०८ नंबरची रुग्णवाहिका आपल्या राज्यात आली २०१४ साली. त्याआधी अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, झटका आलेला म्हातारा यांना शासकीय दवाखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत ‘घाटी’त, पोचवायचं कसं, हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग. गाडी आली आणि नशिबाचा तो भाग आमच्या दारात येऊन उभा राहिला. अर्ध्या रात्री कडी वाजली की अण्णा धोतराचा सोगा खोचून उठायचे. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी पेट्रोल टाकलं तर नाही म्हणायचे नाहीत.

गाडीला शेड नव्हतं. वाड्याच्या दारापुढं, दक्षिणेकडं तोंड करून ती दिवसभर उन्हात तापायची. लिंबाखाली लावली तर पाखरं घाण करतात आणि निंबोळ्यांचा चिकटा बसतो म्हणून अण्णा तिकडं नेत नसत. बाहेर ४० अंश असलं की उन्हात तासभर बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतो. आमच्या गाडीचा डॅशबोर्ड वरून काळ्या मऊ कातडीचा आणि आत पिवळा फोम. ती कातडी म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू उडून जातं आणि समोरच्या काचेवर आतून जाऊन बसतं. दर रविवारी ओल्या वर्तमानपत्रानं काच पुसायचं काम माझ्याकडं होतं. तो धुरकट चिकट थर बाहेरचा धूर नव्हता, तो डॅशबोर्डचाच मऊपणा होता, हे मला फार पुढं एका मेकॅनिककडून कळलं. मऊपणा गेला की कातडी आकसते, खालचा सांगाडा मात्र आकसत नाही. मग ती जिथं पातळ असेल, जिथं स्क्रूचं भोक असेल, तिथून फाटते. काळ्या रानाचं आणि तिचं दुखणं एकच होतं. फरक एवढाच की तिच्यावर पडणारा मृग नव्हता.

पहिली भेग काचेजवळ, बोटभर लांब. जूनपर्यंत पाच झाल्या. अण्णांनी मोजून ठेवल्या होत्या. कडा वर उचलल्या, आतला पिवळा फोम दिसायला लागला आणि हात लावला की भुगा पडायचा. आमची आजी, जिला सगळं घर ‘बाई’ म्हणायचं, ती एकदा गाडीपाशी आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “आरं, टाचंवानी उललंय की. तेल लाव.” अण्णांनी खरंच खोबरेल लावून बघितलं. चार दिवस चमकलं, पाचव्या दिवशी त्यावर धुरळा बसून चिखल झाला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? गाडी तर चालत होती. पण त्या वर्षी मोठ्या ताईची सोयरीक चालू होती. पाव्हण्यांना बसस्टँडवरून आणायला गाडी जायची. पुढच्या सीटवर बसलेल्या पाव्हण्याच्या डोळ्यांपुढं पहिली गोष्ट म्हणजे तो उललेला डॅशबोर्ड. एका पाव्हण्यानं त्यातला फोम बोटानं टोकरून बघितला आणि हसून म्हणाला, “गाडी लई राबलेली दिसतीय.” अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन शहरात गेले.

शहरातल्या एका सीटकव्हरवाल्यानं काळं रेग्झीन कापून, सुलोचन लावून, भेगांवरून सरळ चिकटवून दिलं. संध्याकाळी गाडी आली तेव्हा आम्ही पोरं काचेला नाक लावून बघत बसलो. नव्याचा वास घरापर्यंत येत होता. तीन आठवडे झाले नाहीत तोच दुपारच्या उन्हात सुलोचन सुटलं आणि रेग्झीनला पापडासारखे फुगे आले. कडा वळून वर आल्या. अण्णा दुसऱ्या एका कारागिराकडं गेले. हे म्हातारे चाचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी फुग्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली. “इसपे चिपकाना नक्को, भाई. नीचे की चमडी रोज सिकुडती, उपर का कपडा कैसा टिकता?” नीट करायचं तर समोरची काच उतरवून अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढायचा, जुनी कातडी सोलायची, फोम घासायचा, नवा भरायचा आणि मग वरून कातडं ताणून बसवायचं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून अण्णा चहा पिऊन परत आले. ताईचं लग्न तोंडावर होतं.

मग आईनं पर्याय काढला. माळ्यावर आजोबांचं जुनं पांढरं धोतर होतं. त्याच्या चार घड्या करून, वरून टाका घालून तिनं डॅशबोर्डवर अंथरलं. दिसायला इतकं छान की देव्हाऱ्यासारखं. पाव्हणे आले, बसले, कुणाला काही दिसलं नाही. सोयरीक जमली. त्यात धोतराचा वाटा किती ते देव जाणे, पण आई पुढं बरीच वर्षं तो वाटा मागत असायची.

धोतराचा खरा गुण कळला तो त्याच हिवाळ्यात. कारखान्याचे दिवस, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. गल्लीतली एक बाई अडली होती. रात्रीचा एक वाजलेला. अण्णा, तिचा नवरा आणि सुईण असे तिला घेऊन निघाले. नक्षत्रवाडीच्या अलीकडं समोरून ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा झोत त्या पांढऱ्या कापडावर पडला आणि कापड सगळंच्या सगळं समोरच्या काचेत उतरलं. काचेतून रस्ता दिसायच्या जागी धोतर दिसायला लागलं. त्याच्या पलीकडं, दिवा ना लाल काच असलेली एक उसाची गाडी उभी होती. अण्णांनी ती दहा-बारा हातांवरून ओळखली, तीही उसाच्या पाचटाची सळसळ ऐकून. ब्रेक लागला. मागं बाई किंचाळली. अण्णांनी एका हातानं धोतर ओढून मागं फेकलं आणि उरलेला रस्ता फाटक्या डॅशबोर्डावरून घाटी गाठली. मुलगा झाला. तो आता वाळूजला कंपनीत कामाला आहे.

सकाळी चहा पिताना अण्णा एवढंच म्हणाले, “पांढरं नाही चालत. काचंत दुसरी काच दिसती.” आई गप्प झाली. बाई भिंतीला टेकून जपमाळ ओढत होती. तिनं माळ थांबवली आणि विचारलं, “काळं चालतंय का?”

बाईच्या कोठीच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. तिला कुलूप नव्हतं, पण कुणी ती उघडत नसे. बाईनं ती उघडली आणि तळातून चंद्रकळा काढली. काळी सुती, तांबड्या काठाची नऊवारी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासऱ्यांनी पैठणच्या बाजारातून आणलेली. आजोबा गेले तेव्हा अण्णा सातवीत होते. त्यानंतर बाईनं ती नेसली नाही. ७२ च्या दुष्काळात बाईनं खडी फोडली, गाठलं-पाटल्या मोडल्या, तांब्याचा हंडा विकला, पण चंद्रकळा ट्रंकेतच राहिली. आम्हा पोरांना ती नुसती बघायला मिळाली तीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा.

आईनं हात धरला. “बाई, ही नको. मी बाजारातून काळं कापड आणते. चार हातांनी भागतंय.”

बाईनं साडी उलगडली आणि उजेडाकडं धरली. घड्या जिथं मोडल्या होत्या तिथं तिथं, रेघ मारल्यासारखं, कापड उलून आतून उजेड येत होता. “बघ,” बाई म्हणाली. “कुणी नेसलं न्हाई तरी फाटायलीच की. वापरलं तरी फाटतंय, ठिवलं तरी फाटतंय. मंग ठिवून काय करायचं?”

मी तेव्हा आठवीत होतो. ते बोलणं मला कळलं असं म्हणता येणार नाही. मला फक्त कात्रीचा आवाज आठवतो. बाईनं स्वतःच कापली. आई तोंड फिरवून चुलीपाशी जाऊन बसली.

माप घेण्याचा कार्यक्रम मात्र आम्हा सगळ्यांचा होता. वर्तमानपत्राची पानं खळीनं जोडून डॅशबोर्डवर पसरली आणि कडेनं कोळशानं रेघ ओढली. काचेखालच्या हवेच्या फटी मोकळ्या ठेवायच्या होत्या. मीटरच्या वरचा उंचवटा वेगळा कापून जोडायचा होता. बाईला गाड्यांचं काही कळत नव्हतं, पण झबल्याची बगल कशी काढायची हे कळत होतं आणि उंचवट्याचं काम तेच होतं. खाली धोतराचे दोन पदर आणि वर चंद्रकळेचा एक, तोही घडीच्या रेघा टाळून घेतलेला. चारी बाजूंनी धावदोरा घालत, कडेकडून मध्याकडं येत, गोधडी शिवतात तसंच. एरवी बाईच्या गोधडीत लाल-हिरवा-पिवळा असा जो हाताला येईल तो दोरा असायचा. इथं तिनं सगळा काळाच वापरला, कारण अण्णांनी सांगितलं होतं की एक पांढरा टाकासुद्धा काचेत दिसेल. तांबडा काठ आतल्या बाजूला, प्रवाशाकडं घेतला. चंद्रकळा सुती होती म्हणून निभावलं. रेशमाची असती तर तीही चमकली असती.

घसरू नये म्हणून काचेकडच्या काठात तिनं भाजलेले चिंचोके घट्ट भरून शिवले. दोन टोकांना नाड्या, त्या डॅशबोर्डच्या खालून स्क्रूला बांधायच्या. चिकटवायचं काहीच नाही. पावसाळ्यात ओल धरली की काढून वाळत घालता यायची, वर्षातून दोनदा रिठ्याच्या पाण्यात धुता यायची. मेंदीच्या दाढीवाल्या चाचांनी ती पुढं एकदा बघितली. दोन्ही टोकं उचलून खाली काय आहे ते पाहिलं आणि म्हणाले, “ये सही है. उसको उसका काम करने दो, इसको इसका.”

ती गोधडी अण्णांच्या गाडीत तेरा-चौदा वर्षं राहिली. तिच्यावरून किती माणसं घाटीत गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुढं बसलेला माणूस घाबरलेला असला की त्याचे हात आपोआप तिच्यावर यायचे. कुणी तिचा काठ मुठीत धरायचा, कुणी कपाळ टेकवायचा. काठाचा मधला भाग त्यामुळं गुळगुळीत झाला होता. नाथषष्ठीला पैठणला जाताना त्याच काठावर बुक्क्याचे डाग पडायचे, ते धुतले तरी पुरते जात नसत. २००३ मध्ये बाईला धाप लागली तेव्हा तीही त्याच गाडीतून गेली. आठ दिवसांनी घरी परतताना ती हट्टानं पुढं बसली. एरवी बाया पुढं बसत नसत. रस्ताभर ती काही बोलली नाही, डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिली. गेवराई तांडा मागं पडल्यावर म्हणाली, “हितला टाका उसवलाय.” घरी आल्या-आल्या तिनं पाण्याआधी सुई मागितली.

त्यानंतर बाई दोन वर्षं होती.

गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटली होती. आरटीओत दर पाच वर्षांनी नव्यानं तपासणी, नवी नोंद. २००९ च्या तपासणीआधी अण्णांनी हिशेब केला. सुटे भाग मिळेनात, गुडघे दुखायला लागले होते, गल्लीत तोवर चार जीपा आणि दोन मारुती आल्या होत्या. पुण्याचा एक हौशी माणूस जुन्या पद्मिनी घेऊन नव्यासारख्या करायचा. तो आला. अण्णांनी बॉनेट उघडून दाखवलं, तो म्हणाला, डॅशबोर्ड बघू. अण्णांनी नाड्या सोडल्या आणि गोधडी उचलली.

खाली पाच भेगा होत्या. पाचच. १९९५ च्या जूनमध्ये अण्णांनी मोजल्या होत्या तेवढ्या. एकही वाढली नव्हती, सहावी पडली नव्हती. उचललेल्या कडा वजनानं खाली बसल्या होत्या आणि कातडी दाबली की अजून थोडी मऊ लागत होती. सगळं ऊन वरच्या वर चंद्रकळेनं घेतलं होतं. काचेकडची बाजू काळ्याची तपकिरी, मग जवळजवळ मातीच्या रंगाची झाली होती. त्या माणसानं मान डोलावली आणि आढेवेढे न घेता अण्णांनी सांगितलेली किंमत दिली. गोधडी ठेवून घेऊ का, असं त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, “गाडी न्या.”

मागच्या वर्षी पुतण्यानं नवी गाडी घेतली. चितेगावला आणून दारापुढं, त्याच जागी, दक्षिणेकडं तोंड करून लावली. आई आता पंच्याहत्तरची आहे. तिनं डॅशबोर्डवर वीत लावायला सुरुवात केली, तशी पुतण्यानं तिला थांबवलं. चालकाशेजारच्या सीटपुढं एअरबॅग असते. नव्या मॉडेलांना ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. धडक बसली की ती डॅशबोर्ड फोडून, डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते. तिच्यावर कापड, गादी, देवाची मूर्ती काहीही ठेवलं तर एक तर ती नीट उघडत नाही, नाहीतर वरची वस्तूच माणसाच्या तोंडावर येते. “आजी, या डॅशबोर्डला झाकायचं नसतं,” तो म्हणाला. “फाटलाच तरी त्या भागावर काही चिकटवायचं नाही, शिवायचं नाही. कंपनीतूनच बदलून घ्यायचा.”

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. जुन्या गाडीचं शहाणपण नव्या गाडीला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे तिला पटायला वेळ लागला नाही. पांढऱ्या धोतरानं तिला ते एकदा शिकवलं होतं. मग तिनं विचारलं, “गाडी उभी असताना ऊन येतं कुठून?”

“समोरच्या काचेतून.”

“मग काच झाकली तर? चालवताना काढून ठेवायची.”

चंद्रकळा नऊवारी होती. गोधडीला लागलं ते थोडंसंच, बाकीची ट्रंकेत परत गेली होती. आईनं घडीच्या रेघांवर आतून पट्ट्या लावल्या आणि काचेच्या मापाचा एक पडदा शिवला. बाहेरच्या बाजूला पुतण्यानं आणलेला चांदीसारखा चकाकणारा कागद, म्हणजे ऊन आत न येता आल्या वाटेनं परत जावं. आतल्या बाजूला चंद्रकळा. वर दोन्हीकडचे आरसे खाली ओढले की पडदा त्यांच्या आधारानं उभा राहतो.

पुतण्यानं बाईला पाहिलेलं नाही. ती गेली त्यानंतर दोन वर्षांनी तो जन्मला. पण चितेगावात दुपारी गाडी लावली की तो पडदा काढतो, काचेला लावतो, आणि आत येऊन विचारतो, “बाई लावली का नीट, बघ गं आजी.” आई दारातून बघते. एखाद वेळी उठून जाते आणि एक कोपरा सरळ करते.